समोरच्या वकिलाकडून

दत्तू, तुझ्या मातीच्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं कोण रडलं असेल, तर तो गुरांचा डॉक्टर. नागपूरकडचा माणूस, गावात येऊन त्याला चार वर्षं झाली असतील नसतील, आणि तुझ्या दारात बसून असा हमसून हमसून रडत होता की लोक त्याच्याच पाठीवरून हात फिरवायला लागले. आबा पाटलांनी त्याला स्वतःच्या हातानं पाणी पाजलं. मी तिथंच शेजारी उभा होतो. तुझी माझी संगत चड्डी घालायच्या आधीपासूनची, पण मला कुणी पाणी विचारलं नाही. मी रडत नव्हतो हे खरं आहे. पण एक माणूस आधीच रडायला बसलेला असताना त्याच्या शेजारी जाऊन दुसऱ्यानं काय रडायचं? लोक म्हणाले असते, आण्णानं डॉक्टरचं बघून रडायला घेतलं.

पेपरात तुझी बातमी आली. तुझी पलटण, तुझा हवालदाराचा हुद्दा, बागायत, मागं कोण कोण आहे, सगळं छापलं होतं. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला भांडायचं आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आणि तू मध्येच उठून गेलास. असं कुणी करतं का रे?

ज्यांनी आपला शिमगा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं लिहायला हवं. आपलं गाव हद्दीवरचं, कागदोपत्री साताऱ्याचं आणि बाजाराला सांगलीचं. धुळवडीपासून रंगपंचमीपर्यंत गावात खोटी कचेरी लागते. चावडीपुढं गुळाची काहील पालथी घालायची, तिच्यावर मामलेदार बसणार. खाली फौजदार, कारकून, आरोपी, फिर्यादी आणि समोरासमोर काळे कोट घातलेले दोन वकील. लिहिलेलं काही नाही, पाठ केलेलं काही नाही. कुणाच्या कोंबडीनं कुणाच्या परसात अंडं घातलं, वाऱ्यानं कुणाचं धोतर कुणाच्या अंगणात नेलं, असले खटले. बघणाराही त्यातच धरलेला. फौजदारानं गल्लीत हात धरला की तुम्ही आरोपी. दळण घेऊन चालला असाल तरी डबा खाली ठेवून जबानी द्यायची. मध्येच कुणी खऱ्या नावानं हाक मारली, किंवा भान सुटून खरं बोलायला लागलं, की सोंग मोडलं. मग डोक्यावर पाण्याची बादली. आणि एक नियम सगळ्यांत कडक: कचेरीत जे बोललं गेलं ते रंगपंचमीनंतर कुणी कुणाला विचारायचं नाही. कितीही लागलेलं असो.

त्या कचेरीतले दोन वकील म्हणजे तू आणि मी. तू पलटणीत होतास तेव्हा शिमग्याला रजा मिळाली तर येणार, नाहीतर नाही. तू नसलास की मी कुणाशी तरी भांडून वेळ भागवायचो. तू आलास की गावाच्या अंगात यायचं. पोरं झाडांवर चढून बसायची. तू विचारायचास आणि मी उलटवायचो, मी कोंडीत धरायचो आणि तू धोतराचा सोगा झटकून बाहेर पडायचास. कधीकधी खटला कशाचा आहे हेच आपण विसरायचो. मामलेदाराच्या काहिलीवर बसलेले आबा पाटील हसून हसून ढोपरं आपटायचे आणि ती काहील घुमायची. दोघांत सरस कोण, हे मात्र एकदाही ठरलं नाही. आबांचा निकाल नेहमी कोंबडीच्या बाजूनं लागायचा.

आटपाडीला माझ्या मेहुण्याच्या लग्नात काय झालं ते आठवतं? मुहूर्ताला वेळ होता, जेवणाचा पत्ता नव्हता, वऱ्हाडी कुरकुरत होते. तू उभा राहिलास आणि माझ्या सासऱ्यांवर खटला भरलास. गुन्हा, ऊन चोरून मांडवात साठवलं. सासरे म्हणजे मिशीला पीळ देणारा माणूस, त्यांनी असला प्रकार जन्मात पाहिला नव्हता. पण तू त्यांना असे प्रश्न विचारलेस की उत्तर त्यांच्या तोंडातच ठेवल्यासारखं होतं. त्यांनी ते नुसतं बाहेर काढायचं. शेवटी ते म्हणाले, "ऊन मी चोरलं न्हाई वकीलसाब, जावायासंगं फुकट आलं," आणि मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. तू मान खाली घालून बसलास. पुढं मरेपर्यंत सासरे ती गोष्ट सांगायचे आणि दर वेळी म्हणायचे, तुझ्या मित्राला मी गार केला. तेव्हा मला ते आवडलं होतं, कारण सासरा माझा होता. तू हरायची कला तेव्हाच शिकला होतास, हे मला कळायला हवं होतं.

बांगलादेशच्या लढाईनंतर तू पेन्शन घेऊन कायमचा आलास. मला किती आनंद झाला होता, हे आता तुला सांगायला हरकत नाही. सोसायटीत बसून मी लोकांच्या खतांच्या पावत्या फाडायचो आणि मनात तुझ्यावर घालायचे प्रश्न जुळवायचो. आता दर साली शिमगा, दर साली दत्तू. आणि पहिल्याच शिमग्याआधी तू मला गुऱ्हाळावर बोलावून घेतलंस. काकवीची वाटी पुढं केलीस तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

"आण्णा, मागल्या साली पोस्टात नवा मास्तर आला व्हता. त्येचं काय झालं?"

"काय व्हायचंय? आरोपी केला. मी उलटतपासणी घेतली."

"तू त्येला उभा सोलला रं. मानसं पोट धरून हसली. ह्या साली शिमगा यायच्या आधीच त्यानं रजा टाकलीया."

मी म्हणालो, ज्याला जमत नाही त्यानं ओट्यावर बसून बघावं. मला आजही त्यात काही चूक वाटत नाही. खेळ म्हटला की लागायचंच. पण तू काकवी ढवळत बसलास आणि म्हणालास, "पलटणीत नव्या रंगरूटाशेजारी रंगरूट उभा करत न्हाईत, गड्या. एक जुना, एक नवा. आपली कचेरी मोजून बघ. तीच मानसं. समद्यांचे केस पिकायला लागले. नवं कोन आलं की आपुन त्येला आरोपी करतो, धुतो, आन् त्यो पुना येत न्हाई. धा वर्सांनी काहिलीवर कोन बसनार? कावळं?"

"मग?"

"आपली जोडी मोडायची. एका नव्या वकिलासमोर तू, एका नव्यासमोर मी. आन् शेवटचा शबूद नव्याचा."

"मंजी आपुन हरायचं?"

"आता जिंकून काय करायचंय? आपल्याला येतंय त्ये समद्या गावाला ठावं हाय."

"मला न्हाई ठावं," मी म्हणालो आणि काकवी न खाताच उठलो. तू मागून हाक मारलीस. मी वळलो नाही.

तरी झालं तुझ्याच मनासारखं. माझ्या वाट्याला आला सदा. साखर कारखान्यात नुकताच चिकटलेला, भला माणूस, कशालाही 'बरं' म्हणणारा. मी विचारलं, म्हैस तुझी का? तो म्हणाला, बरं. मी विचारलं, मग दावं कुणी तोडलं? तो म्हणाला, बरं. असल्या माणसाला शेवटचा शब्द द्यायचा म्हणजे तो शब्द ठरलेलाच. मी कपाळाला हात लावून बसलो आणि पलीकडं बघितलं, तर तू शाळेतल्या नव्या मास्तरासमोर उभा होतास आणि तुझ्याभोवती गर्दी होती. मास्तर फुलत चालला होता. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढं कधी थांबलं नाही.

दुष्काळाच्या साली तर कमाल केलीस. सगळं गाव खडी फोडायला. शिमगा कसला आणि कचेरी कसली, असं म्हणत लोक खडीच्या ढिगाऱ्यावर बसले होते. लांबून माणदेशाकडून आलेली माणसं होती, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तू दुपारच्या सुट्टीत एक मोठा धोंडा दाखवलास आणि म्हणालास, मामलेदारसाब, बसा. सोंग मोडलं तर पाणी कुठलं ओतणार? प्यायला नव्हतं. तू ठरवलंस, ज्यानं सोंग मोडलं त्यानं सावली सोडून उन्हात बसायचं. त्या परक्या माणसांतला एकेक जण तू उठवलास. एका म्हातारीनं सूर्यावर फिर्याद केली आणि तू सूर्याचा वकील होऊन तिच्याकडून शिव्या खाल्ल्यास. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी लोक हसले. मीही हसलो आणि त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला, हेही लिहून ठेवतो, नाहीतर म्हणशील आण्णा नुसता जळतो. पण घरी जाताना मनात हेच होतं की सूर्याच्या विरुद्ध मला उभं केलं असतं तर आपण दोघांनी काय रंग भरला असता.

मग डॉक्टर आला. गुरांचा दवाखाना झाला आणि त्यात हा बसला. त्याचं बोलणं कुणाला कळेना. 'काऊन' आणि 'मले' आणि 'तुले' ऐकून बायका पदर तोंडाला लावायच्या. तो बिचारा गप्प गप्प राहायला लागला होता. शिमग्याला तू त्याला चावडीपुढं आणलास तेव्हा तो म्हणत होता, "मले नाही जमत बा हे." मला वाटलं, आता बघू, याला दत्तू कुठवर तारतो. तू त्याला साक्षीदार केलंस आणि विचारलंस, "म्हैस आजारी व्हती म्हनता. म्हशीनं सांगितलं का तुमाला?" डॉक्टर म्हणाला, "म्हैस खोटं नाही बोलत वकीलसाहेब, म्हणून तर मी माणसांचा डॉक्टर नाही झालो."

लोकांनी टोप्या उडवल्या. तू तोंड पाडून खाली बसलास, जणू तुझा कणाच मोडला. पण मी समोरच्या बाजूला होतो, दत्तू. मी तुझा गाल बघत होतो. तुला उत्तर सुचलं की जीभ गालाला लागायची आणि गाल किंचित फुगायचा. त्या वेळी तो फुगला होता. तुझ्याकडं उत्तर होतं आणि तू ते गिळलंस. काय उत्तर होतं हेही मला माहीत होतं. म्हैस खोटं बोलत नाही, पण तिच्या वतीनं बोलणारा तर माणूसच आहे ना, असं काहीतरी तू काढलं असतंस आणि डॉक्टर आडवा झाला असता. एवढं चांगलं उत्तर तू एका परक्या माणसासाठी गिळून टाकलंस. माझ्यासाठी तू कधी काही गिळलं नाहीस. माझ्याशी भांडताना तू सगळं ओकायचास.

त्या साली डॉक्टर तुझा झाला. तुझ्या घरी जेवायला, तुझ्या मळ्यात फिरायला, तुझ्याबरोबर औंधला यमाईला. मला बोलावलं होतंस, नाही असं नाही. मी म्हणालो, सोसायटीचं काम आहे. सोसायटीचं काही काम नव्हतं. मी खिडकीत बसून तुम्ही दोघं एसटीला हात करताना बघत होतो.

गेल्या सालच्या शिमग्याला मी ठरवून केलं ते. मी स्वतःच फिर्यादी झालो आणि तुला आरोपी केलं. फिर्याद अशी की आरोपीनं चालती बैलजोडी विनाकारण मोडली. लोकांना वाटलं बैलांचाच खटला. तुला कळलं होतं. तुझं हसू गेलं. मी विचारलं, "दुसरा बैल दमला व्हता का?"

"न्हाई."

"मारका व्हता?"

"तसा हाय थोडा."

"मग का सोडला?"

तू आबांकडं बघून बोललास, माझ्याकडं नाही. "मामलेदारसाब, नवं खोंड कुनाच्या शेजारी जुपत्यात? जुन्या, वडणाऱ्या बैलाच्या. घरात तसं दोनच असतील आन् खोंडं बरीच असतील, तर त्या दोघांना एका जुवाखाली ठेवून चालंल का? ज्याला एकट्याला वडता येतंय त्यालाच सोडत्यात. जो वडत न्हाई त्येला कोन सोडतंय?"

लोक हसले, टाळ्या झाल्या, आबांनी तुला निर्दोष सोडला. हे उत्तर वकिलानं आरोपीच्या तोंडून काढलेलं होतं की दत्तूनं आण्णाला दिलेलं? तू खरंच मला तुझ्या तोलाचा मानून सोडलं होतंस, की गोड बोलून माझं तोंड बंद केलंस? आणि आपला तो नियम. कचेरीतलं बाहेर विचारायचं नाही.

तरी मी विचारलं. नियम मोडला. गुळाच्या सौद्याला गेलो होतो आपण, सांगलीच्या स्टँडवर चहा घेत होतो. मी म्हणालो, "दत्तू, त्या दिशी कचेरीत तू म्हनला—" तू कप खाली ठेवलास. "कचेरी उठली, आण्णा. आता उसाचं बोल." मग मी दुसरीकडून धरलं. एकदा, एकच दिवस, तू आणि मी, पहिल्यासारखं. नवं नाही, जुनं नाही, कुणी कुणाला सांभाळायचं नाही. कोण सरस ते एकदा होऊन जाऊ दे. तू बराच वेळ एसटीच्या पाट्या वाचत बसलास. मग म्हणालास, "पुढल्या शिमग्याला बघू." तू 'बघू' म्हणालास की होकार असायचा. मी वर्षभर प्रश्न जुळवले. तू पौषात गेलास.

आता तुला माहीत नसलेलं सांगतो. तू गेल्यावर आबा म्हणाले, यंदा कचेरी नको. सगळे हो म्हणाले, मीही. तुझ्या घरी मालनवहिनींच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी आम्हाला दारात उभं करून सुनावलं. "सन मी करनार न्हाई. गोड करनार न्हाई. पर कचेरी लावा. त्येंचं एवढंच एक वेड व्हतं, त्ये बी मोडता का?" मग आत जाऊन तुझा काळा कोट घेऊन आल्या आणि डॉक्टरच्या हातात दिला. मला नाही. मला तो झाला नसता, माझं पोट तुला ठाऊक आहे, पण विचारायचं तरी. डॉक्टरच्या अंगावर तो कोट खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. हे मी चिडून म्हणत नाही. खरंच तसा दिसतो.

धुळवडीच्या दुपारी डॉक्टर तुझ्या जागी उभा राहिला आणि मी त्याच्यासमोर. माझ्याकडं वर्षभराचे प्रश्न होते, सगळे तुझ्या मापाचे. मी ते डॉक्टरवर सोडले. पहिल्याला तो अडखळला, दुसऱ्याला त्यानं इकडं तिकडं बघितलं, जिथं तू नेहमी असायचास तिकडं. तिसऱ्याला लोक हसले, पण डॉक्टरला. मला गोड वाटत होतं, दत्तू. खोटं कशाला सांगू. म्हटलं, आता याला कोण वाचवतो बघू.

तेवढ्यात बायकांच्या ओट्यावरून आवाज आला. "मामलेदारसाब, माजी एक फिर्याद हाय."

गावच्या बायका चावडीपुढच्या कचेरीत आजवर बोलल्या नव्हत्या. ओट्यावर उभ्या होत्या त्या मालनवहिनी, कपाळ मोकळं, पदर घट्ट ओढलेला.

"माजा मालक घरातनं गेला. सांगून गेला न्हाई. ताटावरनं उठला, आलोच म्हनला आन् गेला. ह्येला तुमच्या कायद्यात काय म्हनत्यात?"

आबांचं तोंड वाकडं व्हायला लागलं, आता ते रडणार हे दिसत होतं. फौजदारानं टोपी काढून छातीशी धरली. सगळ्यांचं सोंग मोडत होतं. आणि ते मोडलं असतं तर तिथं फिर्यादी उरली नसती, गावासमोर उभी राहून रडणारी एक विधवा बाई उरली असती. हे मला समजलं. पण मी उठलो तो त्यासाठी, असं म्हणणं खोटं होईल. डॉक्टर उठायला लागला होता, म्हणून मी आधी उठलो. तुझी बाजू मांडायची आणि तीही त्यानं, हे मला बघवलं नसतं.

"मामलेदारसाब," मी म्हणालो, "आरोपीच्या वतीनं मी हजर हाय."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. "वकीलपत्र कुनी दिलं तुमाला?"

"आरोपीनं."

"कवा?"

"सांगलीच्या स्टँडवर. च्या पिताना."

कुणीतरी फिसकन हसलं. वहिनींचा आवाज चढला. "मंजी वकिलाला सांगून गेला म्हना की! बायकूला न्हाई, वकिलाला सांगून गेला."

आता बरेच हसले. "न्हाई बाई," मी म्हणालो, "मला बी पुढल्या साली बघू म्हनला आन् गेला."

"मंजी तुमाला बी फसवलं?"

"व्हय."

"मग त्येच्या वतीनं का उभं हाय?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. अशील खरा का खोटा हे वकिलानं बघायचं नसतं, बाई, फक्त त्याला सोडवायचं असतं. वहिनी खाली बसल्या असत्या, गाव उसळलं असतं. वर्षभरात माझ्याकडं त्याहून बरं उत्तर जमलं नव्हतं. मी ते गिळलं. घशाला लागलं रे. तू हे दर साली कसं करत होतास?

मी आबांकडं वळून म्हणालो, "साहेब, माझ्याकडं जबाब न्हाई. आरोपीला गुन्हा कबूल हाय. शिक्षा फिर्यादीबाईंनी सांगावी."

वहिनी थांबल्या. त्यांना वाटलं नव्हतं इतकं सोपं होईल. मग सावकाश बोलल्या, प्रत्येक शब्द आधी मनात बघून घेतल्यासारख्या. "शिक्षा आशी, की त्येनं तिथं बी कचेरी लावून ठेवावी. मी जाईन तवा त्यो तिथं जुना आसंल आन् मी नवी. मला पयल्याच दिशी हरवायचं न्हाई. शेवटचा शबूद मला द्यायचा."

आबांनी काहिलीवर हात आपटला. "मंजूर!" आणि मग गाव हसलं की रडलं, मला सांगता येणार नाही. वहिनी खाली बसल्या. शेजारच्या बायका त्यांच्या पाठीवर थापा मारत होत्या. त्या हसत होत्या, दत्तू, पदर तोंडात धरून हसत होत्या. तू गेल्यापासून पहिल्यांदाच.

त्यानंतर रंगपंचमीपर्यंत ओट्यावरून रोज कुणीतरी बाई उठत होती. पुढल्या साली बायकांतून एखादी फौजदार करावी लागेल, असं आबा म्हणतात. तू म्हणायचास तसं काहिलीला माणूस मिळालं.

त्या दिवशी घरी परतताना डॉक्टर माझ्याबरोबर चालत होता. तुझा कोट त्यानं हातावर घेतला होता. म्हणाला, "आण्णाजी, आज तुमच्यात हवालदारसाहेबच दिसले." मागून सदा आला, तोही तेच म्हणाला. त्यांच्या दारात आबा भेटले. म्हणाले, अगदी दत्तूच उभा हाय आसं वाटलं.

घरी जाऊन पाय धुतले आणि न जेवता बसून राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी हरायचं म्हणून हरलो, जीव लावून हरलो. आणि हरलो मी, तर लोकांना दिसलास तू.